जुन्या तराजूचा पासंग

सॉफ्टवेअरच्या एखाद्या जुन्या प्रकल्पात टेस्टच्या फाइली चाळल्या की कुठेतरी अशी एक ओळ सापडते: अमुक काम करताना प्रोग्रामची मेमरी १२० एमबीच्या वर जाता कामा नये. ही ओळ कुणी लिहिली, आकडा १२०च का, शंभर किंवा दीडशे का नाही, हे कुणाला सांगता येत नाही. सांगायची वेळही आलेली नसते, कारण टेस्ट रोज चालते आणि रोज हिरवी होते. मग कधीतरी बिल्ड मशीन बदलतात. चार कोअरची जुनी मशीन जातात, चौसष्ट कोअरची नवी येतात, त्यांच्यासोबत लिनक्सची नवी आवृत्ती येते आणि ही टेस्ट लहरी होते. सकाळी पास, दुपारी फेल, पुन्हा चालवली की पास. प्रोग्रामचं एक अक्षरही बदललेलं नसतं. त्यामुळे नव्या मशीनने टेस्ट बिघडवली, असं सगळेच म्हणतात. मला हे पटत नाही. ती टेस्ट लिहिली त्या दिवसापासूनच बिघडलेली होती आणि जुन्या मशीनने तिचं ते दुखणं झाकून ठेवलं होतं. वाण्याच्या तराजूची पारडी मुळात सारखी नसली की तो हलक्या बाजूला एखादा खडा बांधून ती बरोबरीला आणतो. तो पासंग त्याच तराजूपुरता खरा असतो. १२० या आकड्यातही जुन्या मशीनचा पासंग मिसळलेला होता. आता तराजू नवा आला आहे, खडा मात्र तोच बांधून ठेवला आहे. मग दुरुस्ती करायची म्हणजे खडा वाढवायचा की वजन करायची रीतच बदलायची, एवढाच खरा प्रश्न उरतो.

प्रोग्रामने मेमरी किती वापरली, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्याची निदान तीन उत्तरं संभवतात. प्रोग्रामने स्वतः किती मागितली, हे पहिलं. ती मागणी पुरवण्यासाठी मधल्या लायब्ररीने, म्हणजे मॅलॉकने, कर्नलकडून किती उचलली, हे दुसरं. त्यातली किती या क्षणी खरोखर रॅममध्ये बसली आहे, हे तिसरं. या तिसऱ्या आकड्याला आरएसएस म्हणतात. बहुतेक टेस्ट हाच आकडा घेतात, कारण तो मिळवायला काहीच कष्ट पडत नाहीत. लिनक्सच्या 'प्रोक'मधल्या स्टेटस फाइलीतली एक ओळ वाचली की झालं. त्या ओळीबद्दल लिनक्सच्या मॅन्युअलमध्येच इशारा दिलेला आहे की हा आकडा अचूक नाही. तो वाचायच्या फंदात फारसं कुणी पडत नाही. कर्नल हा हिशेब दर कोअरच्या वेगळ्या चिठ्ठीवर ठेवतो आणि चिठ्ठी भरली की मग एकत्र बेरजेत घेतो. २०२३मध्ये आलेल्या ६.२ या आवृत्तीपासून या चिठ्ठीची मर्यादा कोअरच्या संख्येबरोबर वाढू लागली. चौसष्ट कोअरच्या मशीनवर प्रत्येक चिठ्ठीवर १२८ पेजपर्यंतचा हिशेब बेरजेत न येता राहू शकतो, म्हणजे तत्त्वतः ३२ एमबीपर्यंतचा फरक. तेवढा फरक प्रत्यक्षात क्वचितच पडेल हे खरं. पण १२०च्या मर्यादेला ११८ एमबीवर जाऊन टेकणाऱ्या टेस्टला त्याचा अर्धा फरकसुद्धा पुरतो.

ही झाली केवळ मोजणाऱ्याची चूक. जे मोजायचं ते स्वतःच मशीनप्रमाणे बदलतं, ही गोष्ट त्याहून मोठी. मेमरी पेजच्या हिशेबाने दिली जाते. इंटेल-एएमडीच्या मशीनवर पेज ४ केबीचं असतं, ॲपलच्या एम मालिकेतल्या चिपांवर १६ केबीचं. एआरएम प्रोसेसरवरच्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८मध्ये ते ६४ केबीचं होतं; नवव्या आवृत्तीत पुन्हा ४ केबीवर आलं. एखाद्या प्रोग्रामने मेमरीत विखुरलेल्या हजार जागी प्रत्येकी एकच बाइट लिहिला तर पहिल्या मशीनवर त्याच्या नावावर सुमारे ४ एमबी पडतील आणि तिसऱ्यावर साठ-पासष्ट. प्रोग्रामने दोन्हीकडे हजार बाइटच लिहिलेले असतात. प्रोसेसर तोच ठेवला तरी सुटका नाही. २०११पासून लिनक्समध्ये एक सोय आहे. कर्नलला वाटलं तर तो लहान पेजच्या ऐवजी २ एमबीचं एक भलंमोठं पेज देऊन टाकतो. ती सोय सरसकट चालू ठेवायची, मागेल त्यालाच द्यायची की बंद ठेवायची, हे एका सेटिंगवर अवलंबून असतं आणि ते सेटिंग सगळ्या वितरणांमध्ये सारखं नसतं. टेस्ट लिहिणाऱ्याने ते कधी उघडून पाहिलेलं नसतं आणि मशीन बदलणाऱ्यालाही त्याच्याशी टेस्टचा काही संबंध आहे, अशी शंका येत नाही.

कोअरची संख्या तर याहून खोडकर. लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी ग्लिबसी. तिच्या २००९च्या २.१० आवृत्तीपासून वेगवेगळ्या थ्रेडना एकमेकांची वाट पाहावी लागू नये म्हणून मेमरीची वेगवेगळी कोठारं काढली जातात. त्यांना अरीना म्हणतात. ६४ बिटच्या मशीनवर अशी कोठारं जास्तीत जास्त किती काढायची, याचं नेहमीचं गणित आहे कोअर गुणिले आठ. चार कोअरवर बत्तीस, चौसष्ट कोअरवर पाचशे बारा. त्यातच आजचे बहुतेक प्रोग्राम आपल्या थ्रेडची संख्याही कोअर मोजूनच ठरवतात. म्हणजे मशीन मोठं झालं की कोठारंही वाढतात आणि त्यांत माल भरणारे हातही वाढतात. प्रत्येक कोठारात थोडी थोडी जागा रिकामी पडून राहते, आणि ती प्रोग्रामच्या खात्यावरच मांडली जाते. जावाची गत याहून वेगळी नाही. हीपची कमाल मर्यादा सांगितली नसेल तर जावा मशीनच्या एकूण रॅमचा चौथा हिस्सा गृहीत धरतं. जागा भरपूर दिसली की कचरा काढायची घाई करत नाही. १६ जीबीच्या मशीनवर जे काम जावाचा प्रोग्राम नीटनेटकं, आवरून करत होता, तेच २५६ जीबीच्या मशीनवर पसारा मांडून करतो. यात प्रोग्रामचा काही दोष आहे असं म्हणता येणार नाही, आणि मशीनचाही नाही. प्रशस्त जागा मिळाली तर ती वापरावी, अशीच त्याची रचना केलेली आहे.

माझ्या मते या सगळ्यात बोलका दाखला गो भाषेचा आहे. नको असलेली मेमरी कर्नलला परत करायच्या दोन रीती आहेत. एकीत पेज तत्काळ काढून घेतलं जातं आणि आरएसएस लगेच उतरतो. दुसरीत प्रोग्राम फक्त एवढंच सांगतो की हे पेज मला नको, गरज पडेल तेव्हा उचला. कर्नलला रॅमची चणचण नसेल तर तो ते उचलत नाही, आणि तोवर ते प्रोग्रामच्याच नावावर राहतं. ही दुसरी रीत लिनक्सच्या ४.५ आवृत्तीत, म्हणजे २०१६मध्ये आली. २०१९च्या गो १.१२ने ती उपलब्ध असेल तिथे वापरायला सुरुवात केली, कारण ती स्वस्त पडते. लोकांना मात्र आपल्या सेवांची मेमरी उतरतच नाही, असं दिसू लागलं. गळतीच्या शंका घेतल्या गेल्या, गळती नसताना ती शोधण्यात वेळ गेला, आणि २०२१च्या गो १.१६ने जुनी रीत परत आणली. आता त्या दोन वर्षांत कुणी आपली बिल्ड मशीन सेंटओएस ७वरून, म्हणजे ३.१० कर्नलवरून, ताज्या उबुंटूवर नेली असती तर काय झालं असतं पाहा. प्रोग्राम तोच, कंपायलर तोच, काम तेच. जुन्या कर्नलला दुसरी रीत माहीतच नव्हती, म्हणून तिथे आकडा उतरत होता. नव्यावर तो उतरला नसता, किंवा मशीनवर त्या वेळी दुसरं कोणतं काम चाललं आहे त्यावर कधी उतरला असता, कधी नाही. टेस्ट लहरी होण्याचं कारण शोधायला प्रोग्रामच्या ओळी वाचत बसणाऱ्याला ते कारण कधीच सापडलं नसतं. ते तिथे नव्हतंच.

इथे एक शंका कुणीही काढील. मशीनमुळे आकडा बदलतो हे मान्य. पण मग टेस्ट सरळ फेल व्हावी. कधी पास, कधी फेल, हे कशामुळे? याचं उत्तर विखुरण्यात आहे. एखादं काम शंभरदा केलं तर शंभर आकडे येतात. चार कोअरच्या मशीनवर ते एकमेकांना चिकटून असतात, कारण एका वेळी घडू शकणाऱ्या गोष्टीच कमी असतात. चौसष्ट कोअरवर थ्रेडचा क्रम दरवेळी निराळा, कोठारांची संख्या निराळी, गार्बेज कलेक्टर जागा होण्याची वेळ निराळी. सरासरी फारशी हललेली नसली तरी आकडे पसरतात, आणि त्यातले काही १२०च्या रेषेपलीकडे जाऊन पडतात. रेषा पूर्वीही तिथेच होती. पलीकडे जाणारं कुणी नव्हतं. हास्केल भाषेच्या जीएचसी या कंपायलरच्या टेस्टमध्ये हा प्रश्न वर्षानुवर्षं हाताळला गेला आहे. या मंडळींनी कंपायलरने एका वेळी धरून ठेवलेली कमाल मेमरी मोजायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हा आकडा फक्त मोठ्या कचरा-सफाईच्या क्षणी घेतला जातो. दोन सफायांच्या मधे मेमरी कितीही वर चढून खाली आली तरी तिची नोंद होत नाही. कुठे तरी किरकोळ बदल झाला, सफाईचा क्षण जरा पुढे सरकला आणि तो नेमका शिखरावर पडला की मेमरी वाढल्याचा पुकारा होतो. दरीत पडला की कुणी तरी मोठी सुधारणा केल्याचा भास होतो. प्रोग्रामच्या वागण्यात मात्र काहीच फरक पडलेला नसतो. त्यांनी त्यावर काढलेला मार्ग असा की या टेस्टपुरता कलेक्टर एकाच पिढीचा करायचा आणि वाटपाची जागा लहान ठेवायची, म्हणजे सफाई वारंवार होते आणि प्रत्येक सफाईला एक नोंद मिळते. जिथे शक्य आहे तिथे तर ते कमाल मेमरीच्या वाटेलाच जात नाहीत. कंपायलरने एकूण किती बाइट मागितले, तेवढंच मोजतात.

माझ्या मते दुरुस्तीची खरी दिशा ही. एकूण किती बाइट मागितले, हा आकडा प्रोग्रामचा स्वतःचा असतो. त्याला कर्नल कुठला, मोठी पेज चालू आहेत की बंद, कोठारं किती, याच्याशी देणंघेणं नसतं. एकाच थ्रेडचं, तेच काम तीच आवृत्ती घेऊन पुन्हा केलं तर तो जवळजवळ शेवटच्या अंकापर्यंत तोच येतो. म्हणूनच जीएचसीला त्यावर अगदी थोड्या टक्क्यांची सूट ठेवून चालतं. वाढ झाली तर ती कुणी तरी जाणूनबुजून स्वीकारावी लागते आणि कमिटच्या संदेशात तशी कबुली नोंदवावी लागते. वेगाच्या मोजमापात हीच वाट इतरांनीही धरली आहे. एसक्यूलाइटचे लेखक लहान लहान सुधारणा घड्याळ लावून मोजत नाहीत. कॅशग्राइंडमध्ये प्रोग्राम चालवून किती आदेश पार पडले ते मोजतात. रस्ट कंपायलरची मंडळीही प्रत्येक बदलाचा निवाडा मुख्यतः आदेशांच्या संख्येवर करतात. कमाल आरएसएसची नोंद तेही ठेवतात, पण तिच्यात गोंगाट फार असतो हे जाणूनच तिच्याकडे पाहतात. या तिन्ही ठिकाणी एकच निवड झालेली दिसते. लोकांना शेवटी ज्याच्याशी कर्तव्य आहे ते, म्हणजे सेकंद आणि एमबी, बाजूला ठेवलं आणि प्रोग्रामच्या हातात जे आहे ते मोजलं.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप याच वाक्यातून निघतो. सर्व्हरचं भाडं भरणारा मागितलेल्या बाइटचे पैसे भरत नाही, व्यापलेल्या रॅमचे भरतो. रॅम संपली की लिनक्सचा ओओएम किलर प्रोग्रामला ठार करतो, तेव्हा तोही व्यापलेलीच मेमरी पाहतो. मग त्याच्याशी संबंध नसलेला शुद्ध, सोवळा आकडा मोजून काय मिळवलं? आक्षेप खरा आहे. पण तो टेस्टवर दोन प्रश्नांचा भार एकदम टाकतो. आजच्या बदलामुळे प्रोग्राम कालच्यापेक्षा अधाशी झाला का, हा एक प्रश्न. हा प्रोग्राम ५१२ एमबीच्या जागेत मावेल का, हा दुसरा. पहिला प्रश्न दर कमिटला विचारायचा असतो. त्याला मशीनपासून अलिप्त आकडा हवा, नाही तर दोष कुणाचा हे ठरत नाही. दुसरा प्रश्न प्रकाशनाच्या आधी विचारायचा असतो, आणि तो ज्या मशीनवर प्रोग्राम राहणार त्याच प्रकारच्या मशीनवर. बिल्ड मशीन हे त्याचं ठिकाणच नव्हे. चौसष्ट कोअरच्या बिल्ड मशीनवर आरएसएस १३० आला म्हणून दोन कोअरच्या ग्राहकाकडे काय होईल याबद्दल काहीच कळत नाही. हे दोन्ही प्रश्न १२० या एकाच ओळीत कोंबले गेले, म्हणून ती ओळ दोघांनाही नीट उत्तर देईनाशी झाली.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. एवढं तत्त्वज्ञान कशाला? फेल झाली तर टेस्ट आपोआप तीनदा चालवा, एकदा तरी पास झाली की पास धरा. किंवा १२०चे १६० करा आणि कामाला लागा. घाईच्या दिवशी हे कुणीही करील, आणि करणाऱ्याला मी मोठा अपराधी मानणार नाही. पण याची किंमत नीट मांडून पाहायला हवी. समजा पुढच्या महिन्यात खरोखरच एक वाईट बदल आला, आणि टेस्ट फेल होण्याची शक्यता वीसात एकवरून दोनात एकवर गेली. तीन संधी दिल्या तर ती तरीही आठातून सात वेळा हिरवी दिसेल. पुन्हा चालवण्याची सोय गोंगाट गाळते असं वाटतं. प्रत्यक्षात ती तीन आकड्यांतला सगळ्यात लहान आकडा निवडून त्यालाच खरं मानते, आणि मेमरीच्या टेस्टमध्ये तर नेमका मोठा आकडाच महत्त्वाचा असतो. मर्यादा १६०वर नेली तर चाळीस एमबीचा एक कोनाडा तयार होतो, आणि त्यात तीस एमबीची गळती कुणाच्याही डोळ्यांवर न येता नांदू शकते. शिवाय सवय लागते. गूगलच्या जॉन मिको यांनी २०१६मध्ये तिथले आकडे जाहीर केले होते. टेस्टच्या एकूण धावांपैकी सुमारे दीड टक्के धावांचा निकाल लहरी होता, सुमारे १६ टक्के टेस्टमध्ये कमीअधिक लहरीपणा होता, आणि पासची फेल झालेल्या घटनांपैकी ८४ टक्क्यांमध्ये लहरी टेस्टचा हात होता. या शेवटच्या आकड्याचा अर्थ असा की टेस्ट लाल झाली की काही बिघडलं नसावं हे गृहीत धरणं तिथे बहुतेक वेळा बरोबर ठरत होतं. तसं गृहीत धरायला माणूस एकदा शिकला की उरलेल्या सोळा टक्क्यांसाठी त्याला जागं करणं अवघड जातं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात आकर्षक वाटतो, कारण त्यात शिस्त आहे. मशीनमुळे आकडा बदलतो ना? मग मशीनच बदलू देऊ नका. सगळं कंटेनरमध्ये बांधा, तीच लायब्ररी, तेच सेटिंग, तेच वातावरण. याने पुष्कळ फायदा होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. ग्लिबसीची आवृत्ती तरी नक्की राहते. पण कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो. तो यजमान मशीनचाच असतो, आणि पेजचा आकार, मोठ्या पेजचं सेटिंग, आरएसएसचा हिशेब ठेवायची पद्धत या सगळ्या कर्नलच्याच गोष्टी आहेत. कंटेनरला दोन कोअर दिलेत असं आपण म्हणतो, पण आतल्या प्रोग्रामला ते उमगतंच असं नाही. २०१८मध्ये आलेल्या जावा १०च्या आधी जावा कंटेनरची मर्यादा नीट ओळखत नव्हतं आणि यजमानाची रॅम पाहून आपला हीप आखत होतं. गो भाषेने सीपीयूच्या या मर्यादेची आपणहून दखल घ्यायला २०२५ची १.२५ आवृत्ती उजाडावी लागली. आणि समजा, सगळं काही खिळे ठोकून जागच्या जागी बसवलं. तरी काय मिळेल? टॉड मिटकोविच, अमर दिवान, मथियास हाउसविर्थ आणि पीटर स्वीनी यांचा २००९चा एक निबंध या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. त्यांनी दाखवलं की एनव्हायर्न्मेंट व्हेरिएबलनी व्यापलेली जागा कमीजास्त केली किंवा लिंक करताना फाइलींचा क्रम बदलला, एवढ्यानेही प्रोग्रामचा वेग इतका बदलतो की कंपायलरची एखादी सुधारणा लाभाची की तोट्याची, हा निष्कर्षच उलटू शकतो. त्यांचा विषय वेग होता, मेमरी नव्हती. पण त्यातली गोम इथेही लागू पडते. परिस्थिती गोठवली की आकडे हलत नाहीत, हे खरं. ते स्थिर होतात, बरोबर होतात असं नाही. ज्या योगायोगात गोठवलं त्याचा कल त्यांत कायमचा मुरतो. त्या निबंधाचा उपाय उलट दिशेचा आहे: परिस्थिती मुद्दाम वेगवेगळी ठेवा आणि जे सगळीकडे टिकतं तेच खरं माना. बिल्ड मशीन बदलणं म्हणजे असा प्रयोग आयताच हाती येणं. आपण मात्र त्याला संकट समजतो.

हा प्रयोग नीट करायचा तर जुनं आणि नवं मशीन काही काळ बरोबर चालवायला हवं. मोजमापाच्या शास्त्रात ही गोष्ट फार जुनी आहे, आणि तिचा एक उत्तम दाखला मुंबईजवळच आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेवरची ट्राम येणार हे ठरल्यावर तिच्या प्रवाहामुळे नोंदी बिघडतील हे स्पष्ट झालं, आणि काम अलिबागला न्यायचं ठरलं. पण एके दिवशी इथलं बंद आणि दुसऱ्या दिवशी तिथलं सुरू, असं केलं नाही. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, दोन्ही जागांमधला नेहमीचा फरक काढला, आणि मगच कुलाब्याची मालिका थांबवली. पहिली विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७मध्ये. त्या दोन वर्षांमुळे कुलाब्याच्या आकड्यांना अलिबागचे आकडे जोडता येतात. बिल्ड मशीनच्या बाबतीत दोन वर्षं कुणी मागत नाही, दोन आठवडे पुरतात. पण बहुतेक ठिकाणी नवी मशीन चालू झाली की भाडं वाचवायला जुनी त्याच संध्याकाळी बंद होतात, आणि टेस्ट लहरी झाल्याचं लक्षात येतं तेव्हा तुलना करायला काही उरलेलं नसतं. मग १२० बरोबर की १३५ बरोबर, यावर मतं मांडत बसायचं. इथे दोष प्रोग्रामरकडे जात नाही. मशीन ही खर्चाची बाब आहे, मोजमापाचं साधन नाही, असं धरून निर्णय घेणाऱ्यांकडे जातो.

जुनं मशीन हातचं गेलेलं असलं तरी एक युक्ती उरते, आणि ती मला या सगळ्यात सर्वांत देखणी वाटते. आरएसएसचा एकच आकडा घ्यायचा नाही, दोन घ्यायचे. आधी थोडं काम करून प्रोग्रामला हातपाय पसरू द्यायचे, कोठारं उघडू द्यायची. मग हजार विनंत्या हाताळून मेमरी पाहायची, आणखी हजार हाताळून पुन्हा पाहायची, आणि फक्त वजाबाकी तपासायची. मोठी पेज, कोठारं, थ्रेडचे स्टॅक, लायब्ररी हे सगळं दोन्ही आकड्यांत जवळपास सारखं असतं, त्यामुळे वजाबाकीत ते निघून जातं. उरते ती कामागणिक होणारी वाढ. ती शून्याच्या आसपास असली तर गळती नाही. मग एकूण मेमरी १२० असो की १७०. नव्या मशीनवरही ही टेस्ट बदलावी लागत नाही, कारण तिच्यात मशीनचा आकडाच नाही. यालाही मर्यादा आहेत. हळूहळू होणारी बारीक गळती दिसायला काम पुष्कळ करावं लागतं, आणि टेस्ट संथ होते. कलेक्टरच्या भाषांमध्ये दोन्ही वेळा आधी सफाई करून घ्यावी लागते, नाही तर पुन्हा तोच सफाईच्या क्षणाचा खेळ. मापाच्या एककाकडे तर विशेष लक्ष हवं. कमाल मेमरी सांगणारं एक जुनं सिस्टिम फंक्शन लिनक्सवर केबीत उत्तर देतं आणि मॅकवर बाइटमध्ये. बिल्ड मशीन एकावरून दुसऱ्यावर नेताना हे विसरलं तर फरक १,०२४ पटींचा. आणि हेच फंक्शन लिनक्सवर प्रोग्रामला जन्म देणाऱ्या प्रक्रियेचं शिखरही त्याच्या नावावर मांडू शकतं. बिल्ड चालवणारा एजंट जाडजूड असेल तर सडपातळ प्रोग्रामही त्याच्याइतकाच जाड दिसतो. अशा टेस्टमध्ये कमाल आकडा न घेता त्या क्षणाचा घेतलेला बरा. सध्याच्या लिनक्सवर त्यासाठी 'स्मॅप्स रोलअप' ही फाइल आहे, २०१७च्या ४.१४पासून. ती वाचायला वेळ जास्त लागतो, पण ती पेज खरोखर मोजून सांगते.

मागितलेले बाइट मोजा, या माझ्या म्हणण्याला एका ठिकाणी मात्र मुरड घालावी लागते. प्रोग्राम मागतो तितकंच परत करत असेल, एकूण मागणी कालइतकीच असेल, तरी त्याची मेमरी आतून भोकं पडल्यासारखी होऊ शकते. लहान-मोठे तुकडे घेतले, मधलेच परत केले, आणि उरलेल्या फटींमध्ये नवं काही मावेना. फ्रॅगमेंटेशन ते हेच. फायरफॉक्सला ते इतकं जाचलं की २००८च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी मेमरी वाटणारी यंत्रणाच बदलून जेसन इव्हान्स यांचं जेमॅलॉक आणलं. बाइट मोजणाऱ्या टेस्टला हा रोग दिसत नाही, तो फक्त आरएसएसमध्ये दिसतो. पुढे २०११मध्ये फायरफॉक्सची मेमरी उतरवायची मोहीम सुरू झाली तेव्हा ते एकाच आकड्यावर विसंबले नाहीत. प्रोग्रामने स्वतःहून नोंदवलेली मेमरी वेगळी आणि रॅममध्ये बसलेली वेगळी, अशा दोन्ही नोंदी 'आर वी स्लिम येट' या त्यांच्या सार्वजनिक आलेखात शेजारी शेजारी दिसत. पहिली रेघ सपाट आणि दुसरी चढती असेल तर संशय वाटपाच्या यंत्रणेवर; दोन्ही बरोबर चढत असतील तर शोध त्या आठवड्याच्या कमिटांमध्ये. आणि दुसरी रेघ एका दिवशी एकदम उडी मारून पुन्हा सपाट झाली असेल, तर त्या दिवशी कुणी मशीन बदललं का, हे आधी विचारावं.